शेडमधली मोटारसायकल आणि तिच्यावरचे आक्षेप

घरामागच्या शेडमध्ये चार मित्रांनी मिळून जुनी मोटारसायकल खोलायची, भाग जमवायचे, बांधायची आणि पुन्हा रस्त्यावर आणायची, हा उद्योग कोलकात्यात चांगला मुरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात हे शहर ब्रह्मदेशच्या आघाडीचे पिछाडीचे ठाणे होते. युद्ध आटोपल्यावर लष्करी वाहने डिस्पोजलमध्ये निघाली आणि खासगी हातांत गेली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरहून जावा आणि फरिदाबादहून राजदूत येऊ लागली. त्या पिढीतल्या गाड्या आज उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांच्या जिन्याखाली गोणपाट पांघरून उभ्या सापडतात. ठनठनियासारख्या सखल भागात पावसाचे पाणी तुंबले की ते सरळ तळमजल्यात शिरते, आणि पाणी कुठवर चढले होते याची रेघ गाडीच्या सायलेन्सरवर गंजाने आखून ठेवलेली असते.

अशा गाडीला हात घालण्यावर आता उघड आक्षेप घेतले जातात. आक्षेप घेणारे एका मताचे नाहीत, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. पर्यावरणवाद्याला ती रस्त्यावरच नको आहे. सरकारला ती चालेल, पण पन्नाशी उलटल्यावर आणि तिच्यात कुणी फारसे हात घातलेले नसतील तर. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकाला ती हवी आहे, मात्र हौशी माणसाच्या पान्याखाली नको. या तिघांचे म्हणणे एकमेकांना छेद देते, तरी ते एका सुरात मांडले जाते, आणि त्या कोलाहलात शेड म्हणजे पैसेवाल्यांचा चोचला किंवा चोरीच्या मालाचा अड्डा असे दोन शेरे जाता जाता मारून घेतले जातात.

सर्वांत वजनदार आक्षेप धुराचा, आणि त्याला न्यायालयीन पाठबळ आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००९ मध्ये महानगर क्षेत्रातून १५ वर्षांवरची व्यावसायिक वाहने हटवण्यात आली. त्याच सुमारास टू-स्ट्रोक रिक्षा गेल्या आणि एलपीजीवरच्या फोर-स्ट्रोक रिक्षा आल्या. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पूर्व विभागीय खंडपीठाने कोलकाता आणि हावड्यातील १५ वर्षांवरची वाहने सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचा आदेश दिला. त्यात खासगी वाहनेही होती. ज्या शहरातून पिवळी अॅम्बॅसॅडर टॅक्सी वयोमर्यादेपायी नाहीशी होते आहे, तिथे १९७८ ची येझदी निळा धूर सोडत फिरावी, हा कुठला न्याय, असा हा सवाल आहे.

टू-स्ट्रोकवरचा आरोप खरा आहे. या इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे वाल्व्ह नसतात. जळलेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची तोंडे काही क्षण एकाच वेळी उघडी असतात, त्यामुळे पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातो. शिवाय इंजिनाला वंगण द्यायचे ऑईल पेट्रोलबरोबरच आत जाते, तेही जळते. जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १००, आरडी ३५० या सगळ्या याच जातकुळीच्या. शेडवाल्यांपैकी काही जण हे मान्यच करत नाहीत आणि आपली बाजू विनाकारण दुबळी करून घेतात.

पण किलोमीटरमागे किती धूर, एवढ्यावर हिशेब संपत नाही. किती किलोमीटर, हेही विचारावे लागते. रोज ३० किलोमीटर ऑफिसला जाणारी नवी मोटारसायकल वर्षातले ३०० दिवस चालली तर ९,००० किलोमीटर होतात. शेडमधली येझदी वर्षातून २० रविवार बाहेर पडली आणि दर खेपेस १५ किलोमीटर फिरली तर होतात ३००. ती किलोमीटरमागे दसपट घाण करते असे धरले, तरी तिचे पारडे ३,००० वर थांबते, म्हणजे नव्या गाडीच्या एक तृतीयांशावर. २००९ मध्ये व्यावसायिक वाहने हटवण्यामागचे तर्कशास्त्रही हेच दिसते. रिक्षा आणि टॅक्सी सकाळपासून रात्रीपर्यंत धावतात, म्हणून त्यांचे वय शहराला बाधते. तोच मापदंड महिन्यातून दोनदा किक बसणाऱ्या गाडीला लावायचा, तर तो किलोमीटर वगळून लावावा लागतो, आणि किलोमीटर वगळले की त्या मापदंडात उरते ते फक्त वय.

दुसरी गोष्ट आक्षेपकांच्या नजरेतून पूर्णच निसटते. जुनी गाडी धूर सोडते ती बव्हंशी दुरुस्तीवाचून. क्रँकची सील फाटलेली, रिंगा झिजलेल्या, कार्बोरेटरमध्ये कुणीतरी कधीतरी बसवलेला भलताच मोठा जेट, पॉइंट जळून खड्डे पडलेले. शेडमध्ये सुधारले जाते ते नेमके हेच. तिथे काय चालते हे न पाहता त्याविरुद्ध लिहिले जाते, म्हणून ते एकदा जवळून पाहिलेले बरे.

बारा-पंधरा वर्षे उभी असलेल्या जावाचा पिस्टन सिलेंडरमध्ये जाम झालेला असतो. नवशिका पहिल्यांदा किक मारतो, आणि किक शाफ्टचे दाते मोडून बसतो. जाणकार आधी प्लग काढतो, त्या भोकातून डिझेल ओततो आणि गाडी दोन-तीन दिवस विसरून जातो. मग गाडी टॉप गियरमध्ये टाकून मागचे चाक अगदी थोडेथोडे पुढे-मागे हलवायचे. हे एकट्याचे काम नाही. एकाने हँडल धरायचे, दुसऱ्याने चाक झुलवायचे आणि तिसऱ्याने प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पाहायचे. बराच वेळ काही होत नाही. कुणीतरी चहा आणतो, मातीच्या भांड्यातला. मग टॉर्चवाला म्हणतो, हलला. केसाएवढा हललेला असतो, पण हललेला असतो. पुढचे काम फक्त वेळेचे.

बुलेटचे टायमिंग लावतानाही तीच गत. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने मोजून. मग पॉइंटच्या दोन टोकांत सिगारेटचा पातळ कागद अडकवायचा. एक जण प्लगच्या भोकात वाकवलेली तार घालून पिस्टनची जागा बोटाने ओळखत राहतो, एक जण चाक फिरवतो, आणि एक जण कागद अगदी हलका ओढून धरतो. ज्या क्षणी कागद सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडलेला असतो. हे टायमिंग चुकले तर पेट्रोल नीट जळत नाही, इंजिन तापते आणि धूर होतो. ते जुळले की ३४६ सीसीचे ते थोराड इंजिन थांबता थांबता प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल इतक्या संथ चालीवर येते. प्रदूषणाची काळजी असणाऱ्यांनी या सिगारेटच्या कागदाला विरोध करावा, यात विनोद आहे.

सरकारी भूमिका वेगळ्या दिशेने येते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र कलमे आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची दुचाकी आणि चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीचे ५,०००, मुदत १० वर्षे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल यांसाठीच बाहेर काढता येते. एवढे वाचून शेडवाल्यांनी आभार मानावेत असे कुणालाही वाटेल. अडचण व्याख्येत आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि तिच्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनातल्या बदलासह कोणतेही मोठे ओव्हरहॉल झालेले नसावे, असे ती म्हणते.

ही अट मोटारसायकल म्हणजे काय हे न कळल्याची खूण आहे. बुलेटचे सिलेंडर झिजणार हे गृहीत धरूनच ओव्हरसाईज पिस्टन तयार होत आले: पहिल्यांदा बोअर केले की एका मापाचा, पुढच्या वेळी त्याहून मोठा. कनेक्टिंग रॉडचा बुश बदलायचाच असतो. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन, तारा हे सगळे खपाचे जिन्नस. पन्नास वर्षे चाललेली आणि कधीच ओव्हरहॉल न झालेली मोटारसायकल शोधायची, तर ती पन्नास वर्षे चाललेलीच नसणार. नियम ज्या गाडीला मान देतो ती बहुधा जिन्याखालची, गोणपाटाखालची, पिस्टन जाम झालेली गाडी. आणि तीही कुणी पिस्टन सोडवेपर्यंतच. बदल आणि दुरुस्ती यांतला फरक नियमाने सांगायला हवा होता. मूळ मापाशी सुसंगत भाग बसवणे ही दुरुस्ती, चेसिस कापून लांब करणे हा बदल, इतके सोपे ते आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट देताना हाच प्रश्न आला, आणि तिथल्या मार्गदर्शनात त्याच बनावटीच्या पर्यायी इंजिनाला मोठा बदल मानले जात नाही.

त्यातच पेट्रोलचा पेच. देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. कोलकात्याच्या हवेत तर त्याला पाण्याचा तोटा नाही. टाकी आतून गंजते, जुन्या पेट्रोल कॉकमधले बूच आणि रबर खराब होतात, फ्लोटखाली पांढरट चिकटा बसतो. म्हणजे एका मंत्रालयाच्या धोरणाने मूळ भाग टिकू द्यायचे नाहीत आणि दुसऱ्याच्या नियमाने मूळ भागच मागायचे. शेडमध्ये यावर तोडगा निघतो: टाकीत मूठभर नटबोल्ट टाकून ती खळखळवायची, गंज काढायचा, इथेनॉल सोसणारी सील आणि नळी बसवायची. नियमाच्या अक्षरशः अर्थाने ही गाडी ‘मूळ’ राहत नाही. चालते मात्र तीच.

आणि ५० वर्षांची रेघ का? जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा १९६६ पासून काम करते. तिची मर्यादा ३० वर्षांची आहे. जर्मनीत ऐतिहासिक वाहनाची वेगळी पाटी ३० वर्षांनंतर मिळते. भारतात १५ आणि ५० या दोन आकड्यांमध्ये सापडलेली गाडी घर का ना घाट का अशी लटकते. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० व्हिंटेज होईल २०३३ मध्ये. येझदी बनवणारी आयडियल जावा १९९६ मध्ये बंद पडली, त्या वर्षीची शेवटची येझदी होईल २०४६ मध्ये. तोवर तिला नेहमीच्या गाडीसारखे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावे लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीला त्यासाठी २,००० रुपये पडतात. पैशांपेक्षा मुद्दा मधल्या ३५ वर्षांचा आहे. गाडी टिकते ती याच काळात कुणी तिची देखभाल केली तर, आणि याच काळात नियम तिला फक्त म्हातारी गाडी समजतो.

संग्राहकांचा आक्षेप जास्त बोचरा, कारण तो आतल्या गोटातून येतो. हौशी लोक पुट्टी लिंपतात, चुकीचा रंग मारतात, मूळ बोल्ट फेकून स्टेनलेसचे बसवतात, असे ते म्हणतात. हे घडते. पण अस्सलपणाची सर्वांत मोठी हेळसांड शेडमध्ये होते हे खरे नाही. कारखान्यात ज्या भागाला साधा रंग होता त्याला चकचकीत क्रोम चढवून, नव्याहून नवी दिसणारी गाडी विकायला काढणे हे धंदेवाईक काम आहे, कारण चकाकीला गिऱ्हाईक मिळते. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात हाताने ओढल्या जात. त्या जागी स्टिकर लावणारा व्यावसायिक अस्सल, आणि महिनाभर रद्दी पत्र्यावर सराव करून ब्रशने रेघ ओढणारा हौशी मात्र नासाडी करणारा, ही वर्गवारी कुठल्या तत्त्वावर केली, हे संग्राहकांनी सांगावे. शेडवाल्यांना एक शिस्त जरूर लावून घ्यावी लागेल: काढलेला मूळ भाग फेकायचा नाही, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवायचा. चूक झाली तर परतीची वाट उरते.

चोचल्याच्या शेऱ्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. लाखोंच्या परदेशी मोटारी बाळगणारे शेडमध्ये बसून केरोसीनने चेन धूत नसतात. ते काम माणसे ठेवून करून घेतात. शेडमधला खर्च महिन्यामहिन्याने, कमाईतून उरेल तसा होतो, म्हणून तर एक गाडी बांधायला तीन-तीन वर्षे लागतात. मिस्त्रींच्या पोटावर पाय येतो हा त्याचाच जुळा आक्षेप, तोही उलटा आहे. हौशी माणूस सगळे घरी करूच शकत नाही. बुश कातून घ्यायला हुगळी ओलांडून हावड्याच्या बेलिलियस रोडला जावे लागते. एके काळी पूर्वेचे शेफील्ड म्हणवणाऱ्या त्या गावात आजही छोट्या लेथवर नमुना पाहून भाग कातून देणारे टर्नर आहेत. तिथे टर्नर जुना बुश व्हर्निअरने मोजतो, पिन त्यात घालून हलवून पाहतो आणि ढील किती ठेवायची ते विचारतो. हे उत्तर पुस्तकातून आणून भागत नाही. ते शेडमधल्या मागच्या फजितीतून आलेले असते. सिलेंडर बोअर करणारा, क्रोमवाला, सीट शिवणारा, चाकाच्या तारा बांधणारा, अशी सगळी साखळी या हौशी गिऱ्हाइकामुळे तग धरून आहे. नव्या गाडीच्या मालकाला यांपैकी एकाचीही गरज नाही. त्याच्या गाडीत भाग दुरुस्त होत नाहीत, बदलले जातात. पुण्याच्या नाना पेठेत जुन्या स्कूटरचे भाग हुडकत फिरलेल्या कुणालाही ही साखळी ओळखीची वाटेल.

चोरीच्या मालाचा संशय मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड जिथे मिळतात तिथला मल्लिक बाजार हा जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार, आणि सुटे भाग विकणाऱ्या देशातल्या प्रत्येक बाजारावर जो संशय असतो तो त्याच्यावरही आहे. कुर्ल्याला आणि चोरबाजाराला तो चुकलेला नाही. सुटा कार्बोरेटर कुणाचा हे सांगता येत नाही. चेसिसवर आणि इंजिनावर मात्र नंबर ठोकलेला असतो. म्हणून शेडमध्ये गाडी आणताना पहिले काम पाना घेण्याचे नाही. नंबरावरची माती पुसायची, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, आणि उमटलेला छाप आरसी बुकातल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहायचा. ठोकलेल्या नंबराभोवती घासल्याच्या खुणा असतील तर गाडी कितीही मोहक असो, तिथून निघायचे. मालक वारला असेल तर वारसाकडून फॉर्म ३१ भरून घ्यायचा आणि बेलतल्याच्या मोटार वाहन कार्यालयात नाव चढवून घ्यायचे. ज्याला हे कंटाळवाणे वाटते त्याने शेडच्या बाजूने बोलू नये. सुरक्षिततेचेही तसेच. जुन्या ब्रेक शूंमध्ये अॅसबेस्टॉस असते, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवायची नाही. आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, तेव्हा तिला झाळ लावण्याआधी ती पाण्याने भरायची.

शेवटचा आक्षेप भावुकतेचा. बंगालमध्ये तो करणाऱ्याच्या हातात आयता दाखला असतो: ऋत्विक घटकांचा १९५८ चा ‘अजांत्रिक’. सुबोध घोषांच्या कथेवरच्या या चित्रपटात बिमल नावाचा टॅक्सीवाला आपल्या मोडकळीला आलेल्या शेवरले मोटारीला, जगद्दलला, माणसासारखा जीव लावतो, साठवलेले पैसे तिच्यात घालतो, आणि अखेरीस ती भंगारात जाते. यंत्रावरच्या प्रेमाचा शेवट असाच, असे त्यावरून बजावले जाते. पण चित्रपट नीट पाहिला तर बिमलचे दुखणे प्रेमाचे नसून एकटेपणाचे आहे. त्याला गाडीबद्दल बोलायला गाडीशिवाय कुणी नाही. जगद्दलच्या पोटात काय बिघडले हे त्याच्याबरोबर पाहणारा दुसरा माणूस असता, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही हे तरी कुणी सांगितले असते. शेडमध्ये असा माणूस असतोच, बहुधा गरजेपेक्षा जास्त. एखादा मित्र ‘हा क्रँक गेला, यात पैसा घालू नकोस’ असे तोंडावर सांगतो आणि गाडी सुट्या भागांसाठी खोलली जाते. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी, आकाशात पतंग चढलेले असताना, पाने आणि पुलर धुऊन झेंडू वाहून ठेवले जातात, आपल्याकडे खंडेनवमीला ठेवतात तसेच. आणि त्या पूजेत ती खोललेली गाडीही एका कोपऱ्यात, पेट्यांमध्ये भरून, हळद-कुंकवासकट असते. हा भावुकपणा असेल तर तो हिशेब ठेवणारा आहे.

नियमात दुरुस्ती करायची तर फार काही लागत नाही. व्याख्येतला ओव्हरहॉलचा शब्द काढून तिथे चेसिस आणि इंजिनाच्या मूळ बनावटीशी विसंगत बदल असे म्हणावे. तीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी मधला वर्ग करावा, त्याला वर्षाला ठरावीक किलोमीटरची कमाल मर्यादा घालावी आणि दर नूतनीकरणाला मीटरचे आकडे पाहावेत. धुराचा आक्षेप तिथेच मिटतो. मीटरची केबल धड असावी अशी अट मात्र त्यात घालावी लागेल, कारण जुन्या गाड्यांवर ती बहुधा तुटलेलीच सापडते.